जुनी लेन्स की नवी? कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी आणि केल्यावर

नवी लेन्स घ्यायची असं मनात आलं की माणूस आधी परीक्षणं धुंडाळायला लागतो. माझ्याकडे फोटोग्राफी शिकायला येणाऱ्यांना मी त्याआधी एक काम देते. गेल्या वर्षभरातले स्वतःचे फोटो उघडा आणि मनापासून आवडलेले तेवढेच बाजूला काढा. दोनशेच्या वर जात असतील तर निवड अजून कडक करा. मग ते कोणत्या फोकल लेंथवर (लेन्सवरचा मिमीचा आकडा, जितका मोठा तितकं दृश्य जवळ) काढलेत ते पाहा. लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत मेटाडेटा (फोटोसोबत साठवलेली माहिती) फिल्टर लावला की एका रकान्यात आकडे दिसतात. डिजिकॅम फुकट मिळतं, त्यातही फोकल लेंथवरून फोटो शोधता येतात.

१८-५५ सारखी झूम असेल तर बरेचसे फोटो १८ वर आणि ५५ वर सापडतील. १८ च्या ढिगाकडे जरा संशयानेच पाहा. झूम बॅगेतून निघते तीच बहुधा त्या टोकावर, आणि घाईत ती फिरवायची राहून जाते. ५५ चा ढीग मोठा असेल तर तुम्हाला आणखी जवळ जायचंय. आणि मधेच कुठे, म्हणजे ३५ च्या आसपास, गर्दी दिसली तर ती सगळ्यात बोलकी, कारण तिथे तुम्ही झूम मुद्दाम आणून थांबवली आहे. तुमची पुढची लेन्स त्या आकड्याच्या आसपासची असायला हवी. परीक्षणात तिला किती तारे मिळालेत हा प्रश्न नंतरचा.

दुसरं काम थोडं कष्टाचं आहे. न आवडलेले फोटो घ्या आणि प्रत्येकापुढे कारण एका शब्दात लिहा: हललाय, अंधारा, फोकस चुकलाय, मागे पसारा, फार लांब. यादी झाली की खर्चाची दिशा बरीचशी ठरते. ‘हललाय’ जास्त असेल तर आधी शटरचा वेग वाढवून पाहायचा, त्याला पैसे पडत नाहीत. ‘मागे पसारा’ हा बहुतेकदा दोन पावलं डावी-उजवीकडे सरकून सुटणारा प्रश्न आहे, एफ १.४ ने सुटणारा नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). ‘अंधारा’ मात्र खरोखर लेन्सचा प्रश्न असू शकतो. कॅमेऱ्यासोबत येणारी किट झूम ५० मिमीला साधारण एफ ५.६ पर्यंतच उघडते. त्याच उजेडात त्याच शटरवेगाने एफ १.८ ची साधी प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेंथची लेन्स) वापरली तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ६४०० वरून ६४० वर येतो. हा फरक कुणालाही दिसतो. पण एफ १.८ सोडून एफ १.४ घेतली तर आयएसओ १६०० चा १००० होतो, इतकंच. पहिल्या उडीवर पैसे खर्च करा असं मी प्रत्येकाला सांगते. दुसरीसाठी घाई करू नका.

मेगापिक्सेलचा मोहही इथेच बाजूला ठेवू. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयने छापला तर २० इंच रुंद आणि १३ इंच उंच प्रिंट निघते. तुम्ही याहून मोठं छापता का, एवढं स्वतःला विचारा.

जुन्या लेन्स अजून का पुरतात

५० मिमीच्या आसपासच्या बहुतेक लेन्सची मांडणी मागे मागे नेली तर ती झाइसच्या पाउल रुडोल्फ यांनी १८९६ मध्ये रचलेल्या प्लानारपाशी पोचते. रचना उत्तम होती, पण तिचं तेव्हा चीज झालं नाही. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे दर वेळी साधारण ४ टक्के प्रकाश माघारी फिरतो, आणि प्लानारमध्ये अशा जागा बऱ्याच होत्या. १९३५ मध्ये झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर अतिशय पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करण्याची पद्धत काढली आणि या रचनेला खरे दिवस आले. १९७१ मध्ये पेंटॅक्सच्या ताकुमार लेन्सवर अनेक थरांचं कोटिंग आलं.

जुनं काय घ्यावं आणि काय टाळावं, हे या ४ टक्क्यांवरूनच ठरवता येतं. हेलिओस ४४ या जुन्या सोव्हिएत ५८ मिमी लेन्समध्ये सहा भिंगं चार गटांत बसवलेली आहेत, म्हणजे काच-हवेचे पृष्ठभाग आठ. कोटिंग अजिबात नसतं तरी ७२ टक्के प्रकाश पलीकडे पोचला असता. आता पंधरा सुट्या भिंगांची झूम घ्या. तिचे पृष्ठभाग तीस, आणि कोटिंगविना पलीकडे जाणारा प्रकाश ३० टक्क्यांहूनही कमी. उरलेला प्रकाश नाहीसा होत नाही, तो आतल्या आत आपटत राहतो आणि फोटोतल्या काळ्या भागावर धुरकट पडदा धरतो. म्हणून झूमला चांगल्या कोटिंगची गरज प्राइमपेक्षा कितीतरी जास्त असते आणि जुन्या काळातली झूम तिथेच मार खाते. जुनी घ्यायची तर प्राइम घ्या, आणि तीही ३५ ते १३५ मिमीच्या दरम्यानची. २८ च्या खालच्या जुन्या वाइड लेन्सचे कोपरे आजच्या सेन्सरवर बहुधा निराश करतात. तिथे अॅस्फेरिकल (वक्र पूर्ण गोलाकार नसलेल्या) भिंगांच्या नव्या लेन्स खूप पुढे गेल्या आहेत.

मग जुन्या लेन्सने समाधान होतं का? माझं होतं, आणि त्याचं कारण मी नेमकं सांगू शकते. माझ्याकडे सुपर-मल्टि-कोटेड ताकुमार ५० मिमी एफ १.४ आहे. तिची फोकसची कडी धातूची आहे, बोटं बसतील अशा खाचा असलेली. जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत (म्हणजे खूप लांबच्या फोकसपर्यंत) जायला ती अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरवावी लागते, त्यामुळे चेहऱ्यावर फोकस लावताना भुवईवरून पापणीवर येणं हे बोटाच्या हलक्या दाबाचं काम होतं. नव्या ऑटोफोकस लेन्सची कडी बहुतेकदा विजेच्या मोटरला नुसता इशारा देते. इथे कडी फिरते आणि समोर भिंग सरकतं. एफ १.४ वर या लेन्सचा कॉन्ट्रास्ट कमी आहे, उजळ कडांना जांभळी झाक येते, हे खरंच आहे. पण एफ ४ वर तिचे आणि माझ्या नव्या लेन्सचे फोटो शेजारी ठेवले तर कोणता कुठला हे मध्यभाग पाहून मला सांगता येत नाही.

स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो निकॉर १०५ मिमी एफ २.५ ने काढलेला आहे. ही लेन्स खूप मोठ्या संख्येने बनली आणि आजही वापरलेली सहज मिळते.

कोणती लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर बसेल

सगळा खेळ एका अंतराचा आहे: लेन्स जिथे टेकते त्या कडेपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर. ते प्रत्येक माउंटला (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीच्या प्रकाराला) ठरलेलं असतं. निकॉन एफ माउंटचं (१९५९ पासून) ४६.५ मिमी, स्क्रूच्या एम४२ चं ४५.४६, कॅनन एफडीचं ४२. आरशाचे कॅमेरे असेच होते, कारण मधे आरसा उठायला जागा लागायची. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे सोनी ई चं अंतर १८ मिमी, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०, फुजी एक्सचं १७.७. जुनी लेन्स यांच्यावर लावायची म्हणजे उरलेलं अंतर पोकळ नळीने भरून काढायचं. अडॅप्टर म्हणजे ती नळी. तिच्यात भिंग नसतं आणि ते नसलेलंच चांगलं.

आरशाच्या डीएसएलआरवर मात्र हिशेब आधी करा. लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतराएवढं किंवा त्याहून जास्त हवं. कॅनन ईएफचं अंतर ४४, त्यामुळे त्यावर एम४२ आणि निकॉनच्या लेन्स छान बसतात, पण कॅननचीच जुनी एफडी बसत नाही. निकॉन डीएसएलआरवर एम४२ लावली तर लांबचं फोकस होत नाही. भिंग घातलेले अडॅप्टर मिळतात, पण चांगल्या लेन्समागे सुमार काच लावण्यात काय अर्थ? पेंटॅक्सच्या के माउंटचं अंतर मुद्दाम एम४२ इतकंच ठेवलेलं आहे, तिथे एक बारीक कडी लावली की काम होतं. आणखी एक धोका: १९७७ मध्ये निकॉनची एआय पद्धत आली, त्याआधीच्या न बदललेल्या लेन्स अनेक निकॉन बॉडींवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) थेट लावल्या तर बॉडीच्या कडेची अॅपर्चर, म्हणजे लेन्स किती उघडी आहे ते, कळवणारी पट्टी मोडू शकते.

माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी असतो. जुना माउंट एकच निवडा. आज एम४२, उद्या मिनोल्टा, परवा ऑलिंपस ओएम असं केलं की प्रत्येकाचा अडॅप्टर, पुढची-मागची टोपणं, वेगळ्या मापाचे हूड (बाजूचा उजेड अडवणारे), असा खर्च वाढत जातो आणि तो लेन्सच्या किमतीत कुणी धरलेला नसतो. एक माउंट, त्याचा एक चांगला घट्ट अडॅप्टर, आणि त्यावर दोन किंवा तीन लेन्स. अडॅप्टर लावून लेन्स हलकेच हलवून बघा. ती लचकत असेल तर फोटोची एक बाजू नेहमी मऊ येईल आणि तुम्ही लेन्सला दोष देत बसाल.

एम४२ घेणाऱ्यांनी एक बारीक गोष्ट पाहून ठेवावी. अनेक लेन्सच्या मागे छोटी पिन असते, ती दाबली गेली तरच अॅपर्चर लहान करणारी पाती मिटतात. ताकुमारवर ए आणि एम असा खटका आहे, तो एम वर ठेवला की पिनचा प्रश्न मिटतो. खटका नसलेल्या लेन्ससाठी पिन दाबून धरणारी कड असलेला अडॅप्टर लागतो. साधा लावला तर अॅपर्चर कितीही फिरवा, लेन्स उघडीच राहते. एफडी लेन्सच्या अडॅप्टरवरही लॉक-ओपन लिहिलेली एक कडी असते, तिची जागा बरोबर नसेल तर नेमकं हेच होतं.

छोट्या सेन्सरचा हिशेब असा: एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ५० मिमीची चौकट फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) ७५ मिमीइतकी अरुंद होते, कॅननवर ८०. घरातल्या छोट्या खोलीत फोटो काढणाऱ्यांसाठी ती लांब पडते. त्यांनी ३५ किंवा २८ शोधावी.

घेताना टॉर्च जवळ ठेवा

लेन्स हातात आली की आधी डोळे नको, बोटं वापरा. फोकसची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. ती सगळीकडे सारखीच जड असायला हवी. मधेच सैल, मधेच घट्ट असेल तर आतलं ग्रीस सुकलंय किंवा एका जागी गोळा झालंय. सगळीकडे सारखीच घट्ट असेल तर एवढी काळजी नाही, ग्रीस बदलून घेता येतं. मग पुढचं टोक धरून हलवून बघा, खडखड नको. फिल्टरच्या कडेला पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे. स्क्रूच्या खाचा चेपल्या असतील तर कुणीतरी ती आधी उघडलेली आहे, आणि बहुधा योग्य पेचकस नसताना.

पाती बघा. एफ ८ पर्यंत मिटवा आणि दोन्ही बाजूंनी पाहा. पात्यांवर ओली चमक असेल तर ते तेल आहे. कॅमेरा स्वतः पाती मिटवतो अशा लेन्समध्ये तेलाने पाती सुस्त होतात आणि फोटो जास्त उजळ येतात. हेलिओस ४४-२ मध्ये पाती तुम्ही हाताने मिटवता, त्यामुळे तिथे थोडं तेल चालून जातं. तरी त्या तेलाची वाफ पुढेमागे भिंगावर बसू शकते, म्हणून किमतीत घासाघीस जरूर करा.

आता टॉर्च. खोलीतला उजेड कमी करा, दोन्ही टोपणं काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा. टॉर्च मागच्या बाजूने धरा, पण सरळ नको, तिरपा. आणि तुम्ही पुढून पाहा. मग लेन्स हळूहळू फिरवत न्या. पहिल्यांदा असं पाहणारा प्रत्येक जण दचकतो, कारण अशा उजेडात नवी कोरी लेन्ससुद्धा घाण दिसते. सुटे ठिपके म्हणजे धूळ, ती फोटोत दिसत नाही, सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले तर बुरशी. ती बहुतेकदा कडेकडून आत सरकते. बाहेरच्या भिंगावर ताजी असेल तर पुसून निघते, पण ती जे आम्ल सोडते त्याने कोटिंग आणि पुढे काच खरवडली जाते, आणि तो ओरखडा कायमचा. सगळीकडे सारखा दुधाळ पडदा दिसला तर त्याला हेझ म्हणतात, आणि नवशिक्याच्या नजरेतून सगळ्यात सहज निसटतो तो हाच. तिरप्या उजेडात एकदम दिसतो, सरळ पाहिलं तर लेन्स स्वच्छ वाटते. हेझ असलेल्या लेन्सने खिडकीसमोरचा माणूस काढून बघा, केस आणि सावल्या राखाडी येतील. कडेला इंद्रधनुषी किंवा तेलकट डाग दिसला तर दोन भिंगं चिकटवणारा थर सुटतोय. ही दुरुस्ती कुणी सहसा अंगावर घेत नाही, अशी लेन्स परत ठेवा.

ओरखड्यांची लोकांना अवाजवी भीती वाटते. पुढच्या काचेवर दोन-तीन बारीक ओरखडे असले तर फोटोत काहीही कळत नाही, फार तर समोरून सूर्य आला की थोडी झळाळी वाढते. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र गंभीर धरा. ती काच सेन्सरच्या जवळ असते.

शेवटची तपासणी कॅमेऱ्यावर. लांबचा एखादा बारीक, ठळक ठिपका निवडा, उदाहरणार्थ दूरच्या इमारतीवरचा दिवा किंवा अँटेना. फोकस मध्यभागी नीट लावा आणि कडीला पुन्हा हात न लावता तोच ठिपका चारही कोपऱ्यांत घेऊन चार फोटो काढा, एफ २.८ च्या आसपास. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन बरे आणि एक पार वाईट असेल तर आतलं एखादं भिंग तिरकं बसलंय. याच वेळी अनंताचं फोकस लागतंय का तेही कळतं. कडी टोकाच्या किंचित आधीच लांबचं स्पष्ट झालं तर घाबरू नका, अडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ बनवतात. टोकाला जाऊनही लांबचं अस्पष्टच राहिलं तर अडॅप्टर बदला.

न पाहता मागवत असाल तर विकणाऱ्याकडून तीन फोटो मागा: टॉर्च लावून भिंगांचा, एफ ८ वर मिटलेल्या पात्यांचा आणि मागच्या माउंटचा. बुरशी किंवा हेझ निघाली तर परत घेणार का, हे लिहून घ्या. ‘काच स्वच्छ आहे’ एवढंच उत्तर देणारा माणूस टॉर्चचा फोटो पाठवायला तयार नसेल तर मी तिथेच थांबते.

पिवळी पडलेली ताकुमार

माझी ताकुमार आली तेव्हा पांढऱ्या कागदावर धरली तर कागद फिकट चहाच्या रंगाचा दिसायचा. हा दोष नेहमीचा आहे. ५० मिमी एफ १.४ ची अगदी पहिली, आठ भिंगांची आवृत्ती सोडली तर पुढच्या सात भिंगांच्या आवृत्त्यांत थोरियम मिसळलेली काच वापरलेली आहे. त्या काचेने प्रकाश जास्त वळतो आणि रंगांची फाटाफूट कमी होते. थोरियम किरणोत्सारी असल्याने वर्षानुवर्षांत काच स्वतःच पिवळी होते. फोटो काढण्यासाठी अशी लेन्स नेहमीसारखी वापरायला हरकत नाही. तिची काच घासू नका, फोडू नका, आणि डोळ्याला लावून तास न् तास भिंग म्हणून वापरू नका.

पिवळेपणा अतिनील प्रकाशाने जातो. मी यूव्ही एलईडी दिवा वापरला. लेन्स दिव्याखाली ठेवायची, फोकस अनंतावर, अॅपर्चर उघडं, खाली अॅल्युमिनियम फॉइल म्हणजे खाली गेलेला प्रकाश परत वर येतो. रोज तोच पांढरा कागद मागे धरून रंग पाहायचा. बदल हळूहळू होतो, घाई करून दिवा फार जवळ आणला तर लेन्स तापते. उन्हातही हे होतं, पण उन्हात उघडी लेन्स म्हणजे आग लावायचं भिंगच, त्यामुळे ती तशी ठेवून घराबाहेर अजिबात जाऊ नये. दिवा चालू असताना त्याकडे बघू नका. पिवळेपणा गेला की मिळणारा प्रकाशही वाढतो.

लावल्यावर

लेन्स लावली आणि शटर चालेना, असं हमखास होतं. कॅमेऱ्याला लेन्स ओळखू येत नाही. मेनूमध्ये लेन्स नसताना शटर चालू देण्याचा पर्याय असतो, तो सुरू करा. मग सेन्सर हलवून फोटो स्थिर ठेवण्याची सोय असेल तर तिथे फोकल लेंथ हाताने भरा. लेन्सवर लिहिलेला खरा आकडा भरायचा, हेलिओसला ५८. छोट्या सेन्सरसाठी गुणून आलेला नाही. चुकीचा आकडा असेल तर कॅमेरा चुकीच्या प्रमाणात भरपाई करतो आणि फोटो आधीपेक्षा जास्त हलतो. व्ह्यूफाइंडरशेजारच्या छोट्या चाकाने स्वतःच्या नजरेप्रमाणे पडदा स्पष्ट करून घ्या. हे इतके जण विसरतात, आणि मग हाताने फोकस जमत नाही म्हणतात.

मोड अॅपर्चर प्रायॉरिटी. अॅपर्चर लेन्सवर, शटर कॅमेरा ठरवेल. ऑटो आयएसओमध्ये किमान शटरवेग १/१२५ किंवा १/२५० ठेवा.

फोकस पीकिंगचे (स्पष्ट कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीचे) रंगीत कण दिसायला मोहक, पण एफ २ च्या आसपास ते फसवतात. नाक, डोळा, कान सगळंच रंगतं. एका बटणावर चित्र मोठं करण्याची सोय लावून घ्या आणि डोळ्याची पापणी मोठी करून फोकस लावा. फुल फ्रेमवर ५८ मिमी, एफ २, विषय एक मीटरवर असेल तर स्पष्ट पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो. श्वास घेताना तुम्ही तेवढे पुढेमागे होता. म्हणून एका फोकसवर तीन फोटो सलग काढायची सवय लावा. काही जुन्या लेन्समध्ये अॅपर्चर मिटवलं की फोकस किंचित सरकतो, त्यामुळे एफ २.८ किंवा ४ ला फोटो काढायचा तर फोकसही तिथेच लावा, पूर्ण उघडून नाही.

रस्त्यावर फिरताना मात्र फोकस लावत बसूच नका. फुल फ्रेमवर २८ मिमी एफ ८ ला ठेवा, कडी ३.३ मीटरवर लावा, साधारण १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. कोणताही ऑटोफोकस याहून लवकर लागत नाही. जुन्या लेन्सवर कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल याच्या खुणा कोरलेल्याच असतात. फक्त त्या छोट्या प्रिंटच्या हिशेबाने आहेत, म्हणून एफ ८ ला फोटो काढताना एफ ५.६ च्या किंवा ४ च्या खुणा धरा.

हूड लावा, नेहमी. जुन्या कोटिंगला सर्वांत जास्त मदत त्यानेच होते. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या. कॉन्ट्रास्ट आणि काळा थोडा वाढवला, जांभळी झाक काढणारा स्लायडर हलवला, की बहुतेक काम झालं. आणि फोटोंसोबत लेन्सचं नाव नोंदलं जात नाही, तेव्हा वहीत लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी फोटोंची मोजदाद करताना काहीच कळणार नाही.

नवी कधी घ्यावी

पळणारी मुलं, पक्षी, खेळ, रंगमंचावरचं नृत्य, आणि जिथे क्षण परत येत नाही असे सोहळे, या सगळ्यांसाठी डोळा ओळखणारा ऑटोफोकस घ्या आणि मनात काही किंतु ठेवू नका. नजर कमी झाली असेल तरीही. ‘फोकस चुकलाय’ हा शेरा तुमच्या यादीत सर्वांत वर असेल तर जुनी मॅन्युअल लेन्स तुम्हाला अजून त्रास देईल.

यात एक मधला मार्ग आहे आणि तो मला फार आवडतो. कॅननच्या ईएफ लेन्स १९८७ पासून आहेत. त्या कॅननच्याच अडॅप्टरने आरएफ कॅमेऱ्यावर ऑटोफोकससकट चालतात, आणि नव्या बॉडीवर अनेकदा पूर्वीपेक्षा अचूक. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही झेड कॅमेऱ्यांसाठीच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस करतात. एएफ-डी मात्र करत नाहीत. त्यांना फिरवणारी मोटर बॉडीत असायची, ती ना या अडॅप्टरमध्ये आहे ना झेड बॉडीत. वापरलेल्या ८५ मिमी एफ १.८ वर पैसे घालणारा विद्यार्थी पुढची कितीतरी वर्षं निश्चिंत असतो. बॉडीची किंमत नवं मॉडेल आलं की घसरते, चांगल्या लेन्सची तेवढी घसरत नाही. म्हणून दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर बॉडी एक पिढी जुनी घ्या.

घेतलेली लेन्स सांभाळायला फार लागत नाही. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला वाव मिळतो, ४० ते ५० ठीक. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडं करायचं. जुन्या लेन्ससोबत आलेली चामड्याची केस देखणी असते, पण चामडं ओल धरून ठेवतं. लेन्स त्यातून काढून डब्यात ठेवा आणि केस दुसरीकडे. वापरात नसली तरी महिन्यातून एकदा कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, पाती उघडा-मिटवा आणि टॉर्च लावून बघा.